चूक कुणाच्या खात्यावर? (गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १७)



आजचा भाग अठराव्या अध्यायातला आहे. तेराव्या श्लोकापासून भगवंत अर्जुनाला सांगतात की कुठलंही काम घडायला पाच कारणं लागतात. काम जिथे घडतं ती जागा म्हणजे अधिष्ठान. मग कर्ता. मग हत्यारं आणि इंद्रियं, त्यांना करण म्हटलंय. मग नाना तऱ्हेच्या हालचाली, म्हणजे चेष्टा. आणि पाचवं दैव. माणूस शरीराने, वाणीने किंवा मनाने जे काही करतो, ते बरोबर असो की चूक, त्यामागे हे पाच असतातच. म्हणून सोळाव्या श्लोकात म्हटलंय की जो फक्त स्वतःलाच कर्ता धरून बसतो, त्याला नीट दिसत नाही. आणि सतराव्यात त्याही पुढे जाऊन म्हटलंय की ज्याच्या ठिकाणी 'मी केलं' हा भाव नाही आणि ज्याची बुद्धी चिकटत नाही, त्याला कर्म बांधत नाही.

हे वाचायला फार छान वाटतं. प्रमोशन मिळालं, परीक्षेत नंबर आला, की आपण म्हणतो, "मी कोण करणारा, सगळी माउलींची कृपा." ते म्हणायला काही लागतही नाही. पण चूक झाली तर? तेव्हाही "मी कोण करणारा" असं म्हणता येईल का? पाचातलं एक कारण दैव आहे, हे तर गीतेतच लिहिलंय. मग चूक कुणाच्या खात्यावर टाकायची?

हा प्रश्न मला पुस्तक वाचून पडला नाही. घरी सोल्डरिंग शिकताना पडला. आज तेच सांगतो. थोडं लांबेल, पण वाचा.

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. दिवसभर स्क्रीनवर टाइप करायचं. इंजिनिअरिंगला असताना लॅबमध्ये सोल्डर केलं होतं, पण ते मोठ्या पार्टचं. तारेचे पाय बोर्डच्या भोकातून घालायचे आणि मागून सोल्डर लावायचं. हल्लीच्या वस्तूंमध्ये ते फारसं उरलं नाही. आता एसएमडी असतं. पार्टला तारेचे पाय नसतात, तो बोर्डाच्या पाठीवरच बसतो. त्याच्या दोन टोकांखाली तांब्याचे दोन छोटे चौकोन असतात, त्यांना पॅड म्हणतात. पार्टच्या मापाला नंबर असतो. ०८०५ म्हणजे दोन मिलिमीटर लांब आणि सव्वा मिलिमीटर रुंद, तिळापेक्षा लहान. ०६०३ म्हणजे साधारण राजगिऱ्याचा दाणा. आणि ०४०२ तर एक मिलिमीटर बाय अर्धा. तो चिमट्यात धरला आणि जोरात श्वास सोडला की गेला. माझे पहिल्या आठवड्यातले निम्मे पार्ट चटईत गेले. आई केर काढताना म्हणायची, "अरे, हे काय मोहरीसारखं सांडून ठेवलंयस?"

नवी पेठेत जाऊन तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न, बारीक चिमटा, फ्लक्स, तांब्याची जाळीदार पट्टी आणि एक भिंग आणलं. भंगारवाल्याकडून बंद पडलेले चार-पाच बोर्ड घेतले. ऑफिसचं काम संपलं की रात्री गॅलरीच्या दाराशी टेबल लावून बसायचो. दार उघडं ठेवायचं, कारण फ्लक्सचा धूर छातीला चांगला नाही. उठताना हात साबणाने धुवायचे, कारण आपल्याकडे सहज मिळणाऱ्या सोल्डरमध्ये शिसं असतं.

सुरुवातीला माझी एकच चूक परत परत व्हायची. आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवायचं आणि ते नेऊन पार्टला फासायचं, भिंतीवर गिलावा मारल्यासारखं. सोल्डर बसायचं, पण धरायचं नाही. खरी पद्धत उलटी आहे. आधी पॅड आणि पार्टचं टोक दोन्ही एकदम तापवायचे, आणि मग त्या तापलेल्या जागेला सोल्डरची तार लावायची. धातू तापला की सोल्डर आपणहून पसरतं. ज्यात ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असतं, ते सोल्डर १८३ अंशांना वितळतं. आयर्न त्याच्यापेक्षा खूप गरम, साधारण ३२० ते ३५० अंशांवर ठेवावं लागतं, कारण उष्णता बोर्ड खेचून घेतो.

दुसरी गोष्ट कळली ती फ्लक्सची. तांब्यावर हवेने एक पातळ थर चढतो. डोळ्यांना तो दिसतही नाही, पण तो असेपर्यंत सोल्डर तांब्याला धरत नाही, पानावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन बसतं. फ्लक्स तो थर काढतो. काम झालं की फ्लक्सही पुसून टाकायचा. मला तर हे आपल्या नामस्मरणासारखंच वाटलं, पण ते चिंतन पुन्हा कधीतरी.

आणि तिसरी गोष्ट पाहिली त्या दिवशी मी अक्षरशः हात जोडले. नवी पेठेतल्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्या मित्राकडे गेलो होतो. त्याने बोर्डवर सोल्डरची पेस्ट लावली, वर पार्ट ठेवला. तो जरा तिरकाच पडला होता. मी म्हटलं, "सरळ कर ना." तो म्हणाला, "थांब की जरा." त्याने वरून गरम हवा सोडली. पेस्ट करडी होती ती एकदम चकाकली, आणि तो तिरका पार्ट स्वतःहून हलला, वळला आणि बरोबर दोन पॅडच्या मध्ये जाऊन बसला. कुणी हातही लावला नव्हता. वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण त्याला ओढून जागेवर आणतो. पण एक अट आहे. दोन्ही टोकं एकाच वेळी वितळली पाहिजेत. एक बाजू आधी वितळली तर तीच बाजू ओढते आणि पार्ट ताडकन एका पायावर उभा राहतो, थडग्याच्या दगडासारखा. या कामात त्याला तेच नाव आहे.

घरी येऊन गीता उघडली आणि हाच भाग काढला. पाचही कारणं माझ्या टेबलावर दिसत होती. बोर्ड हे अधिष्ठान. मी कर्ता. आयर्न, चिमटा, भिंग, डोळे, हात ही करणं. तापवणं, धरणं, थांबणं या चेष्टा. आणि तो पार्ट आपोआप फिरून जागेवर बसला ते पाचवं. त्याला पृष्ठताण म्हणा नाहीतर दैव म्हणा, ते माझं नव्हतं एवढं नक्की. मी जास्तीत जास्त काय करू शकतो? जागा साफ करणं, नीट तापवणं आणि मग हात काढून घेणं. मला वाटलं, सोळावा श्लोक समजला. मी त्या रात्री खूश होऊन झोपलो.

समजला नव्हता. ते पुढे कळलं.

आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत. यंत्रमागावर आयुष्य गेलं त्यांचं. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी आपलं सोलापुरी मराठी. आजींचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या पलंगावरच असतात. मुलगा आणि सून आतल्या खोलीत झोपतात. म्हणून त्यांनी बिनतारी बेल आणली होती. आजींच्या उशाशी एक छोटा रिमोट, त्यावर एक बटण. दाबलं की आतल्या खोलीत बेल वाजते. रिमोट पलंगावरून पडला आणि बटण बोर्डवरून निखळलं.

आजोबा रिमोट घेऊन आले. "तू ते बारीक बारीक काम करतोस म्हणे. हे होतंय का बघ की."

बटण म्हणजे चार पायांचा छोटासा एसएमडी स्विच. तीन पॅड चांगले होते. चौथा काळपट झाला होता. मी फ्लक्स लावला, सोल्डर केलं. भिंगातून पाहिलं तर तीन जागी सोल्डर चकचकीत, कडेला उतरत गेलेलं, जसं हवं तसं. चौथ्या जागी मात्र ते गोळा होऊन बसलं होतं, फिकट आणि खरखरीत. आपल्याकडचे दुरुस्तीवाले याला ड्राय सोल्डर म्हणतात. बाहेरून जोडलेलं दिसतं, आतून धरलेलं नसतं.

मला ते दिसलं होतं. हे मुद्दाम लिहितोय. मला तेव्हाच दिसलं होतं.

पण आजोबा समोर बसले होते, आईने चहा टाकला होता. मी बॅटरी घातली, बटण दाबलं. वाजली. दहा वेळा दाबलं, दहा वेळा वाजली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची एक सवय असते. टेस्ट पास झाली ना, मग झालं. आजोबा म्हणाले, "बाळा, हातात जादू आहे तुझ्या." मी काय म्हटलं असेन? "अहो, मी कोण, सगळं देवाचं." आणि मनात गुदगुल्या झाल्या.

चौथ्या दिवशी कळलं. रात्री तीनच्या सुमाराला आजींनी बटण दाबलं. बेल वाजली नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा नाही. त्यांनी हाका मारल्या असतील, पण आवाज फार निघत नाही आता. पहाटे साडेपाचला सून उठली तोवर आजी ओल्या अंथरुणात पडून होत्या. काही दुखापत झाली नाही, तेवढी देवाची दया. पण त्या सकाळी आजी कुणाशी बोलल्या नाहीत, असं सून आईला सांगत होती. आयुष्यभर दुसऱ्यांचं केलेल्या बाईला हे किती लागत असेल, ते मी लिहू शकत नाही.

आजोबा रिमोट घेऊन आले. रागावले नव्हते. त्यांनीच मला वाट काढून दिली. म्हणाले, "वस्तू आहे, बिघडायचीच. आमचं नशीब, दुसरं काय."

आणि मी मान हलवली. म्हटलं, "हो, बोर्ड जुनाच होता तसा."

ते गेल्यावर मी रिमोट उघडला. त्या चौथ्या पायाभोवती केसासारखी बारीक गोल भेग. बटण दाबलं की सगळा जोर थेट पायांवर येतो. ड्राय सोल्डर असा जोर किती दिवस सोसणार? मी जुनं सोल्डर जाळीच्या पट्टीने ओढून काढलं, पॅड तांबूस दिसेपर्यंत साफ केला, भरपूर फ्लक्स घालून पुन्हा जोडलं. या वेळी सोल्डर पसरलं. दोन जास्तीची मिनिटं लागली. पहिल्या वेळी हीच दोन मिनिटं मी दिली नव्हती.

रात्री माझी वकिली चालू झाली. आणि वकील म्हणून मी चक्क गीता उभी केली. बोर्ड जुना होता, हे अधिष्ठान. भिंग स्वस्तातलं होतं, हे करण. रिमोट पडला, हे दैव. पाच कारणं आहेत, मी त्यातलं एक. सोळावा श्लोकच सांगतो की फक्त स्वतःला कर्ता मानणारा अडाणी. मग मी एकट्याने का मनाला लावून घ्यायचं? आजोबा स्वतःच नशीब म्हणतायत. विषय संपला.

मंडळी, यातलं एकही वाक्य खोटं नाही. हीच तर अडचण आहे. सगळी वाक्यं खरी आणि सगळं मिळून लबाडी.

झोप लागली नाही. सकाळी लवकर सिद्धेश्वरला गेलो. दर्शन घेऊन तळ्याकाठी बसलो. आपल्या सोलापूरच्या माणसांना हे तळं इतकं ओळखीचं की त्याची गोष्ट आठवतच नाही. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचे भक्त. त्यांनी इथे ६८ लिंगं स्थापन केली आणि लोकांना पाणी मिळावं म्हणून तळं खणवलं, असं आपली परंपरा सांगते. तेव्हा या गावाचं नाव सोन्नलगी. शून्यसंपादने नावाचा कन्नड ग्रंथ आहे, त्यात एक प्रसंग येतो. अल्लमप्रभू सोन्नलगीला येतात. तळ्याचं काम जोरात चालू असतं. प्रभू विचारतात, तो माती खणणारा रामा कुठे आहे? कामावरच्या भक्तांना गुरूंचा असा उल्लेख सहन होत नाही, ते दगड मारायला धावतात. मग सिद्धराम येतात आणि दोघांचं बोलणं होतं. प्रभूंचा रोख तळ्यावर नसतो. तळं खणणं चांगलंच. पण 'हे मी उभं करतोय' हा जो दगड मनात बसलाय, तो कधी खणून काढणार, असा त्यांचा प्रश्न असतो.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलीय आणि दरवेळी एवढंच समजलो की मोठं काम केलं तरी गर्व करू नये. त्या सकाळी दुसरीच बाजू दिसली. 'मी केलं' हा भाव असला की माणूस श्रेय तर घेतोच. पण त्याच भावामुळे तो चूक लपवतो. कारण काम म्हणजेच मी. कामात खोट निघाली तर माझ्यात खोट निघाली, मग ती झाकलीच पाहिजे. "हातात जादू आहे" हे ऐकून मला गुदगुल्या झाल्या, आणि म्हणूनच चार दिवसांनी "चूक माझी" हे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. दोन्ही वेळी अहंकार एकच होता. पहिल्या वेळी त्याने "सगळं देवाचं" म्हटलं, दुसऱ्या वेळी "बोर्ड जुना होता" म्हटलं. दोन्ही वेळी भाषा मात्र नम्रपणाची.

तळ्यावरून थेट आजोबांकडे गेलो. रिमोट दिला. म्हटलं, "आजोबा, बोर्ड जुना होता हे खरं, पण बेल त्यामुळे बंद पडली नाही. एक पाय मी नीट जोडला नव्हता. मला तेव्हाच दिसलं होतं. चालतंय म्हणून सोडून दिलं. काल तुम्हाला खरं सांगितलं नाही."

मला वाटलं होतं ते चिडतील, नाहीतर "असू दे रे" म्हणतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. आतल्या खोलीकडे तोंड करून तेलुगूत मोठ्याने काहीतरी म्हणाले. मग मला म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. हिला कालपासून वाटत होतं, हिच्याच बोटात जोर राहिला नाही. बटण नीट दाबलंच नसेल म्हणत होती. रात्रभर बोटं चोळत बसली."

मी आत गेलो. आजींनी माझ्याकडे पाहिलं आणि उजव्या हाताचं बोट दोनदा हलवून दाखवलं. मग हसल्या.

त्या क्षणी मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. चूक हवेत तरंगत राहत नाही. जो तिचा मालक आहे त्याने ती घेतली नाही, तर ती दुसऱ्या कुणावर तरी जाऊन बसते. आणि बहुतेक वेळा ती घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसावर बसते, कारण तो उलट बोलत नाही. मी "बोर्ड जुना होता" म्हटलं तेव्हा मला वाटलं, दोष एका निर्जीव वस्तूवर गेला, कुणाचं काय बिघडलं? पण दोष बोर्डवर थांबला नाही. तो आजींच्या बोटावर गेला. ऑफिसमध्ये आठवून बघा. सीनियरने कबूल न केलेला बग शेवटी कुणाच्या नावावर लागतो? नव्याने लागलेल्या पोराच्याच.

निघताना आजोबा म्हणाले, "मागावर एक धागा तुटला की माग थांबवायचा. नाही थांबवला तरी चादर होतेच की. गिऱ्हाइकाला लगेच दिसत पण नाही. पण आपल्याला ठाऊक असतंय."

आता परत श्लोकांकडे येऊ. माझी समजूत सांगतो, जाणकारांनी सुधारावी. पाच कारणांची यादी आहे, त्यात कर्ता आहे. भगवंतांनी त्याला यादीतून काढलेला नाही. सोळाव्या श्लोकातला दोष 'फक्त मीच' असं मानण्यात आहे. 'मी नाहीच' असं तिथे म्हटलेलं नाही. म्हणजे पाच जणांच्या टीममधला मी एक. टीमने जिंकलं तर कप एकट्याने घरी न्यायचा नाही. पण माझ्या वाटचं काम मीच केलं पाहिजे आणि ते चुकलं तर मीच सांगितलं पाहिजे. कारण बाकीचे चौघे बोलू शकत नाहीत. बोर्ड बोलत नाही, आयर्न बोलत नाही, हालचाल बोलत नाही, आणि दैव तर नाहीच नाही. पाचांमध्ये "माझं चुकलं" म्हणायला तोंड असलेला एकटा कर्ताच आहे.

आणि दैव शेवटी का? मला सोल्डरिंगवरून असं वाटतं की पहिली चार नीट झाल्याशिवाय पाचव्याचं नाव घ्यायचा आपल्याला हक्क नाही. पृष्ठताण पार्टला ओढून जागेवर नेतो हे खरं, पण पॅड घाण असेल तर तोसुद्धा काही करत नाही. मी पॅड साफ केला नाही आणि नशीब म्हणालो. हे म्हणजे पेरलं नाही आणि पाऊस पडला नाही म्हणून रडायचं.

सतराव्या श्लोकाबद्दलही एक. ज्याला 'मी केलं' वाटत नाही त्याला कर्म बांधत नाही, हे वाक्य आपल्यासारख्यांनी जपून वापरावं. ते पोचलेल्या माणसाचं वर्णन आहे. बिल भरताना दाखवायचं कूपन नाही. आपण तिथे पोचलोय का, हे कसं ओळखायचं? कौतुक झाल्यावर आपण काय म्हणतो त्यावरून तर नाहीच, ते मी करून बसलोय. माझ्या मते ओळखायची जागा चूक ही आहे. आपली चूक दिसली आणि ती सांगायला किती वेळ लागला? ज्याचं कर्तेपण खरोखर गळलंय त्याला लपवायला काही उरत नाही. तो "हो, हे माझ्याकडून राहिलं" असं सहज म्हणतो, "चहा थोडा गार झाला" म्हणावं तसं, आणि लगेच दुरुस्तीला लागतो. मला एक रात्र आणि एक सकाळ लागली. म्हणजे अजून बराच थर साफ व्हायचाय.

कुणी म्हणेल, एवढ्याशा बटणाचं किती करतोस? पण आपल्या हातून होणारी बहुतेक कामं एवढीशीच असतात. कोडमधली एक ओळ, एक पाठवायची राहिलेली मेल, औषधाची एक वेळ. ती भिंगाखालीच दिसतात आणि भिंग आपल्याच हातात असतं. दुसरं कुणी पाहत नाही. ड्राय सोल्डर पहिल्या दिवशी चांगल्या सोल्डरइतकंच चालतं. फरक कळतो तो रात्री तीन वाजता, आणि तेव्हा आपण झोपलेले असतो, जागं दुसरंच कुणीतरी असतं.

आता मी एक नियम केलाय. दुरुस्त केलेली वस्तू परत देताना दोन वाक्यं बोलायची. काय केलं ते, आणि कशाची खात्री नाही ते. दुसरं वाक्य बोलताना अजून जीभ अडखळते. आजींचा रिमोट तेव्हापासून चालतोय. तरी मी आजोबांना सांगून ठेवलंय की पंधरा दिवसांतून एकदा मला दाखवा, आणि उशाशी एक पितळी घंटाही ठेवा. देव्हाऱ्यातली छोटी घंटा आता तिथे आहे. तिला ना बॅटरी लागते, ना माझं सोल्डर.

आजचा अभ्यास छोटासा आहे. या आठवड्यातली एक चूक आठवा, जिचा दोष तुम्ही परिस्थितीवर, सिस्टीमवर किंवा नशिबावर टाकलात. मग शोधा, तो दोष फिरत फिरत शेवटी कुणाच्या अंगावर जाऊन बसलाय. तो माणूस सापडला की त्याला फोन करा. जप त्यानंतर करा.

उद्या अठराव्या श्लोकापासून पुढे.

राम कृष्ण हरी.